फिरकीमुळे स्थिर राहतो तो अक्ष, चेंडूची वाट नव्हे

प्रश्न: माझा चौदा वर्षांचा मुलगा कराडला ऑफस्पिन टाकतो. फिरणारी वस्तू स्थिर राहते असं आपण शाळेत शिकतो. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो, बंदुकीची गोळी फिरत सरळ जाते. मग जास्त फिरवलेला चेंडू हवेत सरळ न जाता वळतो आणि अचानक खाली बसतो, हे कसं? शिवाय मुलाच्या चेंडूची सीम, म्हणजे मधली शिवण, हवेत डुगडुगते. फिरकी कमी पडते म्हणून डुगडुगते का?

उत्तर: फिरकीमुळे नेमकं काय स्थिर राहतं, हे आधी पक्कं करू. चेंडू ज्या रेषेभोवती फिरतो, तो अक्ष स्थिर राहतो. चेंडू ज्या वाटेने जातो ती वाट स्थिर राहीलच असं नाही. उलट अक्ष आपली दिशा सोडत नाही, म्हणूनच वाट वळते. मी सांगलीत वर्गात भौतिकशास्त्र आणि संध्याकाळी नेट्सवर फिरकी, दोन्ही शिकवत आलो आहे, आणि दोन्हीकडे एवढा एकच मुद्दा नीट बसला की पुढचं समजावणं सोपं जातं. ‘ड्रिफ्ट (चेंडूचं हवेतच बाजूला सरकणं) ही उपजत देणगी असते, शिकवून येत नाही’ असं सांगून मोकळे होणारे प्रशिक्षक मला पटत नाहीत. विजय हजारे ज्या गावात जन्मले, स्मृती मानधना ज्या माधवनगरात खेळत मोठी झाली, तिथल्या मुलांना तरी आपण कारण सांगून शिकवायला हवं.

गोळीचं उदाहरण इथे लागू पडत नाही. गोळी लांबट असते. समोरच्या हवेचा रेटा तिच्या वस्तुमान केंद्राच्या पुढे, नाकाच्या बाजूला लागतो आणि तो तिला उलथवायला बघतो. फिरकी नसेल तर ती कोलांट्या खात जाईल. फिरकी असली की उलथवणाऱ्या त्याच टॉर्कमुळे, म्हणजे फिरवू पाहणाऱ्या जोरामुळे, अक्ष हळूहळू वळतो आणि वाट जशी खाली झुकेल तसं नाकही तिच्यामागोमाग झुकतं. भोवऱ्याचं टोक जमिनीला टेकलेलं असतं आणि वजन वर असतं, म्हणून त्यालाही पाडू बघणारा टॉर्क असतोच. चेंडूचं तसं नाही. तो गोल आहे, त्याला नाक नाही. हवेचा दाब प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागाला काटकोनात, म्हणजे केंद्राच्या रोखाने लागतो. गुरुत्वाकर्षणही केंद्रातूनच ओढतं. त्यामुळे चेंडूचा अक्ष वळवायला कोणी उरतच नाही. हवेच्या घर्षणाने फिरकी किंचित कमी होते, पण टप्पा पडेपर्यंतच्या पाऊण सेकंदात ती घट हिशेबात धरण्याजोगीही नसते.

आकड्यांत बघा. सीझन बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या साधारण ३६ मिलिमीटर. चांगला मोठा फिरकीपटू मिनिटाला २००० फेरे देतो असं धरू. सेकंदाला ३३ फेरे झाले. टप्प्यापर्यंत चेंडू जवळजवळ पंचवीस वेळा स्वतःभोवती फिरला. एवढ्या फिरकीचा अक्ष त्या पाऊण सेकंदात फक्त १० अंशांनी वळवायचा, तर हवेचा सगळा विरोध, जो अर्ध्या न्यूटनच्या आतबाहेर असतो, तो केंद्रापासून सुमारे ९ मिलिमीटर बाजूला सतत लागत राहायला हवा. सीमच्या उंचवट्याने दाब थोडाफार इकडे-तिकडे होतो, पण चेंडू फिरत असल्याने तो लगोलग दुसऱ्या बाजूला जातो. म्हणून हातातून सुटताना अक्ष जिकडे होता, टप्प्यालाही तो तिकडेच असतो, असं बिनधास्त धरून चालावं.

आता चेंडू का वळतो, त्याकडे येऊ. फिरणाऱ्या चेंडूची जी बाजू हवेच्या प्रवाहाबरोबर सरकते, तिथे हवेचा पातळ थर पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहतो. जी बाजू प्रवाहाच्या उलट सरकते, तिथे तो लवकर सुटतो. त्यामुळे चेंडूच्या मागची हवा एका बाजूला फेकली जाते आणि चेंडू त्याच्या विरुद्ध बाजूला ढकलला जातो. हाच मॅग्नस परिणाम. नाव १८५२ च्या सुमारास त्यावर प्रयोग करणाऱ्या हाइनरिश मॅग्नस यांचं लागलं; पण न्यूटनने १६७२ मध्येच टेनिसच्या चेंडूच्या वाकड्या वाटेबद्दल लिहून ठेवलं होतं. पुढे १७४२ मध्ये बंदुकांवर पुस्तक लिहिणाऱ्या बेंजामिन रॉबिन्स यांनी तर बंदुकीची नळी डावीकडे वाकवून दाखवलं की तिच्यातून सुटलेली गोल गोळी आधी डावीकडे निघते आणि मग वळून उजवीकडे जाते. नेट्सवर मी मुलांना एकच खूण सांगतो: हवेला भिडणारी चेंडूची पुढची बाजू ज्या दिशेला सरकत असेल, त्या दिशेला ढकल बसते. टॉपस्पिनमध्ये पुढची बाजू खाली जाते, चेंडू खाली बसतो. बॅकस्पिनमध्ये ती वर जाते, चेंडू तरंगतो.

ही खूण ऑफस्पिनला लावून बघा. खरी मेख इथे आहे. समजा तुमच्या मुलाचा अक्ष तंतोतंत खेळपट्टीच्या दिशेने आहे आणि समोर उजव्या हाताचा फलंदाज आहे. मागून बघितलं तर चेंडू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतोय. हातातून सुटताना तो जवळजवळ अक्षाच्याच दिशेने जातोय, म्हणजे पुढची बाजू कुठल्याच एका दिशेला सरकत नाही, जागच्या जागी गरगरते. ढकल शून्य. पण चेंडू पडू लागतो. ताशी ७२ किलोमीटरने, किंचित वर सोडलेला चेंडू टप्प्याजवळ येईपर्यंत त्याची वाट आडव्यापासून सुमारे १९ अंश खाली झुकलेली असते. अक्ष मात्र अजून आडवाच आहे. आता हवा चेंडूला समोरून न लागता थोडी खालून लागते. म्हणजे हवेला भिडणाऱ्या बाजूत चेंडूचा खालचा भाग आला, आणि ऑफस्पिनमध्ये खालचा भाग ऑफ साइडकडे (मागून बघताना डावीकडे) सरकत असतो. चेंडू ऑफकडे ढकलला जातो. टप्पा पडला की तोच खालचा भाग जमिनीला घासतो आणि चेंडू उलट, लेगकडे (उजवीकडे) वळतो. बाहेर जातोय असं वाटणारा चेंडू आत येतो तो असा.

गोळीचा अक्ष वाटेमागे झुकतो, चेंडूचा झुकत नाही. सगळा ड्रिफ्ट या एका फरकातून येतो. आणि तो उशिरा का येतो, हेही यातच आहे. वाट जितकी झुकेल तितकी ढकल वाढते, म्हणजे ती शेवटीशेवटी सगळ्यात जास्त. माझ्या ढोबळ हिशेबाने वरच्या चेंडूला शुद्ध या कारणाने अडीच-तीन सेंटिमीटरच ड्रिफ्ट मिळतो, पण त्यातला निम्मा टप्प्याआधीच्या शेवटच्या ०.१३ सेकंदात. बॅट रुंदीला जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर. मधोमध येणारा चेंडू तीन सेंटिमीटर सरकला तरी तो कडेच्या जवळ जातो, आणि एवढ्या थोड्या वेळात फलंदाजाला हात बदलता येत नाहीत. वर्गात मी हे गणित मांडतो तेव्हा फिरकी टाकणारी मुलं एकदम सावरून बसतात. ‘उंची दे, उंची दे’ असं आपण का ओरडतो ते त्यांना तेव्हा कळतं. उंची दिलेला चेंडू जास्त तिरका उतरतो, आणि जितका तिरका उतार तितका ड्रिफ्ट.

लेगस्पिनमध्ये सगळं उलट: चेंडू हवेत लेगकडे सरकतो आणि टप्प्यावर ऑफकडे वळतो. ४ जून १९९३ ला ओल्ड ट्रॅफर्डवर शेन वॉर्नने माइक गॅटिंगला टाकलेला चेंडू पुन्हा बघा. त्याने ऑफ स्टंप कसा उडवला हे सगळे बघतात. तुम्ही त्याआधी हवेत तो लेग स्टंपच्या बाहेर कसा आणि किती उशिरा सरकला ते बघा.

तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त ड्रिफ्ट हवा असेल तर अक्ष थोडा तिरका करावा लागतो. अक्षाचं पुढचं टोक १० अंश वर उचललेलं असेल, तर आणखी पाच-सहा सेंटिमीटर ड्रिफ्ट मिळतो. हा मात्र पहिल्यापासून चालू होतो, त्यामुळे चांगला फलंदाज तो वाचू शकतो. आणि अक्ष आडवा ठेवून बाजूला वळवला, म्हणजे सीमचा रोख लेग स्लिपकडे (यष्टिरक्षकाच्या शेजारी, लेगच्या बाजूला) केला, तर फिरकीचा काही भाग टॉपस्पिन होतो. याचा फायदा फार मोठा आहे. रोख ४५ अंशांवर असेल आणि फिरकी तीच २००० ची असेल, तर चेंडू नुसत्या गुरुत्वाकर्षणाने पडला असता त्यापेक्षा पंचवीसएक सेंटिमीटर जास्त खाली येतो. टप्पा अंदाजापेक्षा पाऊण मीटरच्या आसपास अलीकडे पडतो. पुढे आलेला फलंदाज चेंडूपर्यंत पोहोचतच नाही. वळण थोडं कमी होतं, ते होऊ द्यावं. चौदा वर्षांच्या मुलाला मी आधी हा डिप शिकवीन, मोठं वळण नंतर. तुमच्या मुलाची फिरकी यापेक्षा बरीच कमी असणार. ती निम्मी असेल तर हे आकडेही साधारण निम्मे धरा.

वाऱ्याचं गणितही याच अक्षातून सुटतं, आणि आपल्या भागात ते सोडून चालणार नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर साताऱ्यात पश्चिमेचा वारा जोर धरतो. समजा वारा लेगकडून ऑफकडे, सेकंदाला ४ मीटर वेगाने वाहतोय. ऑफस्पिनरचा चेंडू तो दहा-पंधरा सेंटिमीटर ऑफकडे ढकलतो, हे कोणालाही सुचेल. पण आडव्या वाऱ्यामुळे हवा आता चेंडूच्या लेगकडच्या बाजूला थोडी जास्त लागते, आणि ऑफस्पिनमध्ये ती बाजू खाली सरकत असते. म्हणजे त्याच वाऱ्याने चेंडूला डिपही मिळतो. वारा उलट, ऑफकडून लेगकडे असेल तर चेंडू तरंगतो आणि पुढे पडतो. जुनेजाणते कर्णधार ऑफस्पिनरला कोणत्या टोकाकडून आणायचं हे वारा बघून ठरवतात, त्यामागे हे आहे. लेगस्पिनरला त्याच्या उलट टोक द्यायचं. मुलाला रन-अप मोजण्याआधी चिमूटभर माती सोडून बघायला शिकवा.

‘नदीकाठची हवा दमट, म्हणून भारी, म्हणून चेंडू जास्त वळतो’ हे मात्र कृष्णाकाठी कितीही वेळा ऐकू आलं तरी खरं नाही. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. ३० अंश तापमानाला पूर्ण दमट हवा कोरड्या हवेपेक्षा दीड-दोन टक्के हलकीच असते. उंचीचा फरक थोडा जास्त पडतो: सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास, त्यामुळे तिथे ढकल सहा-आठ टक्के कमी. तीन सेंटिमीटरचे सहा-आठ टक्के म्हणजे दोन मिलिमीटर. ते सोडून द्या.

फिरकी अजिबात नसेल तर चेंडू सरळ जाईल, असंही समजू नका. व्हॉलीबॉलची फ्लोट सर्व्हिस आठवा. चेंडू न फिरवता हाताच्या तळव्याने ठोकला की तो हवेत कधी डावीकडे, कधी उजवीकडे झोके खातो आणि घेणाऱ्याचा अंदाज चुकतो. मागची हवा कधी या बाजूने सुटते, कधी त्या बाजूने, आणि कोणती बाजू केव्हा हे ठरलेलं नसतं. बेसबॉलमधल्या नकलबॉलचंही तेच. त्यात चेंडू हातापासून फलंदाजापर्यंत जेमतेम एखाद-दुसरा फेरा घेतो. फिरकी दिली की ती ढकल एका ठरावीक दिशेला बांधली जाते. वाट वाकडी होते, पण प्रत्येक वेळी तशीच वाकडी होते. गोलंदाजाला हवं असतं ते हेच. सराव करून तोच चेंडू पुन्हा टाकता येतो तो यामुळे.

आता तुमच्या मुलाची सीम. ती डुगडुगते म्हणून चेंडू अस्थिर आहे असं नाही. अक्ष तिथेही स्थिरच आहे, फक्त सीमचं वर्तुळ त्या अक्षाला काटकोनात बसलेलं नाही. बोटांनी चेंडू फिरवताना जोर सीमच्या रेषेत न लागता तिरका लागला, की अक्ष एकीकडे आणि सीम दुसरीकडे होते, मग प्रत्येक फेऱ्यात सीम इकडून तिकडे झुलताना दिसते. हवेत हे सुधारत नाही आणि बिघडतही नाही. सीमच्या कडेला दोऱ्याचं आणि चामड्याच्या घडीचं थोडं जास्त वजन असतं, म्हणून सीमला काटकोनातला अक्ष तत्त्वतः सगळ्यात पक्का. पण चेंडू इतका गोल आहे की हा फरक पाऊण सेकंदात काही घडवून आणू शकत नाही. हातातून जे सुटलं तेच टप्प्यापर्यंत पोहोचलं. त्यामुळे फिरकी वाढवून डुगडुग जाणार नाही, ती नुसती जलद होईल.

वेगवान गोलंदाजाचं सगळं पोट यावरच आहे. सीम उभी ठेवून तो बॅकस्पिन देतो ते अक्ष पक्का राहावा म्हणून, म्हणजे सीम शेवटपर्यंत एकाच कोनात हवा कापते. रवींद्र मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात विंड टनेलमध्ये केलेल्या मोजमापात सर्वांत जास्त स्विंग मिळाला तो सीम २० अंशांवर, वेग सेकंदाला ३० मीटर आणि बॅकस्पिन सेकंदाला ११.४ फेरे असताना. फिरकी त्याहून फार वाढवली तर उलट स्विंग कमी होऊ लागतो. तिथे फिरकीचं काम फक्त सीम धरून ठेवण्याचं आहे. फिरकीपटूचं काम वेगळं. त्याचा ड्रिफ्ट आणि डिप मुख्यतः अक्षावर अवलंबून, सीम थोडी डुगडुगली तरी तो बऱ्यापैकी मिळतो. नुकसान होतं ते टप्प्यावर: कधी सीम जमिनीवर पडते आणि चेंडू पकड घेतो, कधी गुळगुळीत चामडं पडतं आणि तो घसरतो.

डुगडुग किती आहे ते घरी मोजता येतं. एका जुन्या सीझन बॉलला सीम आडवी धरा आणि वरच्या बरोबर मध्यभागी मार्करने ठसठशीत ठिपका काढा, तसाच खालच्या बाजूलाही. हे दोन ठिपके म्हणजे अक्षाची टोकं जिथे असायला हवीत त्या जागा. मुलाला नेहमीसारखा चेंडू टाकायला सांगा आणि यष्टींच्या मागे, जाळीच्या पलीकडे उभं राहून मोबाइलवर स्लो मोशन घ्या, शक्यतो सेकंदाला २४० फ्रेमचा. चेंडू तुमच्याकडे येताना पुढचा ठिपका बघा. तो जागेवर गरगरत असेल तर सीम अक्षाला काटकोनात आहे. तो छोटं वर्तुळ काढत असेल तर त्या वर्तुळाची त्रिज्या चेंडूच्या तुलनेत किती दिसते ते बघा. चेंडूच्या त्रिज्येच्या सहाव्या हिश्शाइतकी असेल तर सीम साधारण १० अंश तिरकी आहे. या वयाला मी तेवढं चालवून घेतो. तिसऱ्या हिश्शाला पोहोचली तर २० अंश झाले, तिथे काम करायला हवं.

काम म्हणजे तर्जनीचं. ऑफस्पिनमध्ये तर्जनी आणि मधलं बोट सीमवर आडवी, दोघांत अंतर, चेंडू अनामिकेवर टेकलेला, आणि शेवटची ओढ तर्जनीच्या वरच्या पेराची. बहुतेक मुलांचा अंगठा शेवटपर्यंत चेंडूला चिकटलेला असतो किंवा मधलं बोट नंतर ओढ देतं. दोन्हींमुळे जोर सीमच्या रेषेतून बाहेर जातो. रन-अप सोडून द्या, पाच-सहा पावलांवर उभं राहून फक्त मनगट आणि तर्जनीने चेंडू तुमच्या हातात टाकायला लावा. अंगठा आधीच सुटला पाहिजे. ठिपका जागेवर येईपर्यंत अंतर वाढवू नका.

फिरकी किती आहे तेही त्याच व्हिडिओत मिळतं. सीमवर एक आडवी खूण करा, ती पुन्हा त्याच जागी यायला किती फ्रेम लागतात ते मोजा आणि २४० ला त्या आकड्याने भागा. १६ फ्रेम लागल्या तर सेकंदाला १५ फेरे, १२ लागल्या तर २०. हे सगळं सीझन बॉलवरच करा. टेनिस बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, म्हणजे सीझन बॉलच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचा. तीच ढकल त्याला अडीच पटींहून जास्त वळवते, शिवाय त्याला सीम नाही. गल्लीत टेनिस बॉलने मुलाला भरपूर खेळू द्या, बोटांत ताकद येते. पण ड्रिफ्ट किती मिळतो आणि सीम कशी पडते, याचा निर्णय त्या चेंडूवर घेऊ नका.